नामे अनेक, वस्तू एक

'अद्वैत' हा शब्द आपल्या व्यवसायात मोठ्या आदराने उच्चारला जातो. संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणात तो हमखास येतो. परंतु दुसऱ्या दिवशी चिकित्सालयाचे किंवा औषधालयाचे दार उघडल्यावर त्या शब्दाचे काय करावयाचे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

ऐक्याचा विचार आपल्या भूमीला परका नाही. लातूरच्या शेजारी अंबाजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने शके १११० मधील मानल्या जाणाऱ्या त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाने संस्कृत न जाणणाऱ्या जनांसाठी अद्वैत वेदान्त मराठीत आणला. नांदेड येथे इ. स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथाचा आरंभच 'एक' या अंकाने होतो. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत, तसेच कबीर, रविदास आणि शेख फरीद यांचीही वाणी आहे. नामदेवांचे गाव मानले जाणारे नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. शिंपी, विणकर, चर्मकार आणि सूफी यांची वाणी एकाच आसनावर ठेवणारा ग्रंथ ज्या नगरीत गुरू झाला, तेथील वैद्याला ऐक्याचा धडा दुरून आणावा लागू नये.

आपले शास्त्र या बाबतीत अधिक काटेकोर आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, 'पुरुषविचय' अध्यायात, लोक आणि पुरुष यांचे साम्य सांगितले आहे. पृथ्वी ती शरीराची मूर्ती, जल तो क्लेद, तेज तो संताप, वायू तो प्राण, आकाश ती छिद्रे आणि ब्रह्म तो अंतरात्मा. मात्र त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात सामान्य आणि विशेष हे दोन्ही पदार्थ शेजारीशेजारी येतात. सामान्याने एकत्व घडते, विशेषाने पृथक्त्व. यांपैकी एकच हाती धरणाऱ्याला चिकित्सा साधणार नाही.

व्यवहारातील उदाहरण घेऊ. हरीतकी, बिभीतकी आणि आमलकी यांना युनानी हकीम हलेला, बलेला आणि आमला म्हणतात. त्यांच्या 'इत्रीफल' या कल्पाचे नावच मुळी 'त्रिफला' या शब्दापासून आले आहे. कल्पना निराळी, अनुपान निराळे, परंतु द्रव्ये तीच. नांदेडच्या शासकीय रसशाळेच्या नावात आयुर्वेदिक आणि युनानी हे दोन्ही शब्द एकत्र नांदतात, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. येथे नामे अनेक आहेत, वस्तू एक आहे.

याच्या उलट प्रकार बाजारात आढळतो. 'रास्ना' या एका नावाखाली उत्तरेत एक वनस्पती, बंगालकडे दुसरी आणि दक्षिणेत तिसरीच दिली जाते. 'शंखपुष्पी' म्हणून कोठे विष्णुक्रांता मिळते, तर कोठे गोकर्ण. येथे नाम एक आहे, वस्तू अनेक आहेत. धर्माच्या क्षेत्रात नामभेदाने भांडणारे आपण औषधाच्या क्षेत्रात मात्र नामसाम्यावर निर्धास्त राहतो, ही विसंगती गंभीर आहे. पहिल्या चुकीने माणसे दुरावतात, दुसरीने रुग्णाला गुण येत नाही आणि दोष शास्त्राच्या माथी येतो.

'सर्व मानव एक' या वचनाचा आधार घेऊन सर्वांना एकच चूर्ण देणे हाही ऐक्याचा विपर्यासच होय. विमानस्थानातील दशविध परीक्षा प्रकृती, सार, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, वय अशा भेदांवरच उभी आहे. इंद्रियस्थानात प्रकृतीच्या विचारात जाती आणि कुल यांचाही उल्लेख आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. उल्लेख आहे, हे खरे. परंतु तो रुग्णाची मूळ प्रकृती ओळखून तीत झालेला बदल जाणण्यासाठी आहे. कोणाला आत बसवावे आणि कोणाला ओसरीवर ताटकळत ठेवावे, हे ठरविण्यासाठी नव्हे. भेद पाहावयाचा तो उपचारासाठी, मानापमानासाठी नाही. चरकांनी वैद्यवृत्तीत मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य यांना स्थान दिले आहे. तेथे रुग्णाच्या पंथाची अट नाही.

यावरून दोन गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. औषधालयाच्या चालकांनी वादग्रस्त द्रव्यांच्या बरणीवर केवळ रूढ नाव न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग आणि माल कोठून आला हेही लिहावे. प्रतिनिधी द्रव्य घातले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. वैद्यांनी व्यवस्थापत्रात अशा द्रव्यांचा खुलासा करावा आणि आपल्या गावातील हकिमांशी द्रव्यपरिचयापुरता तरी नियमित संवाद ठेवावा. आपल्या जिल्हा शाखांनी वर्षातून एक बैठक केवळ याच विषयासाठी घेतली, तरी भाषणातील अद्वैत बरणीपर्यंत आणि तेथून रुग्णापर्यंत पोहोचू लागेल.