भाषणं पुरे, १७ जानेवारीला नावं वाचा

जानेवारी जवळ आला की आपल्या भागात एकच चर्चा सुरू होते. यंदा हुतात्मा दिनाला कोण येणार? कोल्हापूरहून कोण, मुंबईहून कोण, कुठला गट कुठे उभा राहणार, पहिला हार कुणाचा. कोण बोलणार हे ठरवायला बैठकांवर बैठका होतात. पण स्मारकासमोर काय वाचायचं, यासाठी एक तरी बैठक झाल्याचं तुम्ही ऐकलंय का? मी तरी नाही.

मी कणकुंबीची. राज्यशास्त्र शिकतेय. माझं म्हणणं सरळ आहे: १७ जानेवारीला स्मारकासमोर भाषणाआधी दोन गोष्टी वाचल्याच पाहिजेत. एक, गेलेल्या माणसांची नावं. दोन, भारताच्या राज्यघटनेचं कलम ३५०-अ. दोन्ही मिळून दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यानंतर ज्याला बोलायचंय त्यानं खुशाल बोलावं.

आधी नावांचं बोलू. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून राज्य पुनर्रचनेचे निर्णय जाहीर केले. मुंबई केंद्राच्या ताब्यात आणि बेळगाव म्हैसूर राज्यात. दुसऱ्या दिवशी बेळगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळीबार झाला. पैलवान मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, महादेव बारागडी, लक्ष्मण गावडे. निपाणीच्या कमळाबाई मोहिते. ही पाच नावं न बघता म्हणता येणारे आपल्या वयाचे किती जण आहेत? तुमच्याच ग्रुपवर विचारून बघा. 'हुतात्मे अमर रहे' सगळ्यांना येतं. अमर कोण, ते मात्र येत नाही.

आणि नावं मोठ्यानं वाचली नाहीत की काय होतं बघा. छापील याद्यांमध्ये कुठे 'बारागडी' आहे, कुठे 'बारीगडी'. कुठे 'कमळाबाई', कुठे 'कमलाबाई'. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे किती, याला कुणी १०५ म्हणतं, कुणी १०६, कुणी १०७. ज्यांच्यासाठी आपण घसा फोडून ओरडतो, त्यांचं आडनाव तरी नीट लिहायला नको? वाचायचं ठरवलं, तर आधी तपासावं लागेल. तपासायचं, तर त्यांच्या गल्लीत जाऊन घरच्यांना विचारावं लागेल, 'आजोबांचं नाव तुम्ही कसं लिहिता?' वाचनाचा खरा फायदा हाच. त्यासाठी आधी काम करावं लागतं. भाषणासाठी काहीच करावं लागत नाही, गेल्या वर्षीचंच चालतं. तिसरं भाषण सुरू होतं तेव्हा मागं उभी पोरं मोबाईल बघालेत, त्यात पोरांचा काय दोष?

आता काही जण म्हणतील, वाचन कसलं करताय, गाणं लावा, अंगावर काटा येतो. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. मलाही आवडतं. पण त्या गाण्यात नद्यांची नावं आहेत, त्यात मलप्रभा नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते. गाण्याचा यात दोष नाही, ते आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. आपली वेदना ज्यात खरोखर आहे ती अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. ती संध्याकाळी डफ-तुणतुण्यावर जरूर व्हावी. पण स्मारकासमोर सकाळी, डोकं उघडं करून उभं असताना, आधी त्या पाच माणसांचं काहीतरी हवं. गाण्यात आपण आपल्याच आवाजावर खूश होतो. नाव वाचताना तसं होता येत नाही.

दुसरा आग्रह असतो जहाल वाचनाचा. कानडी माणसाला चार शिव्या असलेली कविता, टाळ्या हमखास. इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. १७ जानेवारी १९५६ ला बेळगाव कुठल्या राज्यात होतं? मुंबई राज्यात. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. पुनर्रचना अमलात आली १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे गोळीबारानंतर नऊ महिन्यांहून जास्त काळानं. त्या दिवशीची गोळी म्हैसूर सरकारची नव्हती, मुंबई सरकारची होती. १९८६ ची गोष्ट वेगळी. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात हिंडलगा-बेळगुंदी भागात नऊ जण गेले, तेव्हा सरकार कर्नाटकाचं होतं आणि ते तसंच सांगितलं पाहिजे. पण दोन्ही वेळा गोळी सरकारनं चालवली. शेजारच्या घरातल्या कानडी माणसानं नाही. हुतात्म्यांच्या नावावर शेजाऱ्याला शिव्या वाचायच्या म्हणजे इतिहास खोटा सांगायचा. माझी साधी कसोटी आहे: स्मारकासमोर जे वाचाल, ते हुतात्म्यांच्या नातवंडांसमोर आणि तुमच्या कानडी वर्गमित्रासमोर एकही शब्द न बदलता वाचता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते वाचन रद्द.

आता कलम ३५०-अ. हे कलम घटनेत आलं सातव्या दुरुस्तीनं, १९५६ मध्ये. ही दुरुस्ती अमलात आली १ नोव्हेंबर १९५६ ला. ज्या दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच दिवशी हे कलम लागू झालं. त्यात म्हटलंय काय? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं प्रयत्न करावा आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्यांना निर्देश देऊ शकतात. त्याच्याही आधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं आकडासुद्धा ठरवला होता: शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा.

'प्रयत्न करावा' हा शब्द ढिला आहे, मला मान्य. पण ढिला दोर हातात धरून ओढल्याशिवाय ताठ होत नाही. आपल्यातल्या किती जणांनी हे कलम कधी मोठ्यानं वाचलंय? मराठी शाळेला शिक्षक मागायला जाताना हातात हे कलम घेऊन जाणं आणि नुसती घोषणा घेऊन जाणं, यात फरक आहे.

यावर एक जोरदार आक्षेप येणार, तो मला माहीत आहे. 'घटनेतलं अल्पसंख्याकांचं कलम वाचायचं म्हणजे कर्नाटकात राहणं कबूल करायचं. आमची मागणी महाराष्ट्रात जायची आहे, सोयींची नाही.' हा आक्षेप घेणाऱ्यांचा मी आदर करते, त्यांच्यातल्या कित्येकांनी लाठ्या खाल्ल्यात. पण महाराष्ट्र सरकार २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं ते कशाच्या आधारावर? घटनेच्याच कलम १३१ च्या. आपला दावाच घटनेवर उभा आहे. दावा चालू ठेवून हक्क मागणं म्हणजे दावा सोडणं नव्हे. आणि तो दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली पोरं आज मतदान करतात. त्यांची पहिली ते चौथी कोर्टाच्या तारखेसाठी थांबली नाही. निकाल लागेपर्यंत पहिलीतल्या पोरीनं काय करायचं, याचं उत्तर आपल्या भाषणांत नसतं.

जगात हे कुणी केलं नाही असं नाही. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीच्या समर्पणाच्या कार्यक्रमात मुख्य वक्ता दोन तास बोलला. त्याच्यामागून लिंकन उठला आणि दोन-तीन मिनिटांत बसला. लोकांच्या लक्षात काय राहिलं, हे सांगायला नको. आपल्या देशातलंच बघा. आसामात सिलचरला १९ मे १९६१ रोजी बंगाली भाषेसाठी रेल्वे स्टेशनवर जमलेल्यांवर गोळीबार झाला, अकरा जण गेले. त्यात कमला भट्टाचार्य नावाची मॅट्रिकची परीक्षा दिलेली मुलगी होती. नंतर बराक खोऱ्यात बंगालीला सरकारी कामकाजात जागा मिळाली. तिकडची कमला, इकडची कमळाबाई. दोघींची नावं एका दमात घेता येतील, एवढा अभ्यास तरी आपण करू.

शेवटचा मुद्दा, कुणी वाचायचं? नेत्यानं नाही. शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या पोरांनी, आळीपाळीनं. नाव, गाव, वर्ष. मग क्षणभर थांबायचं. मग पुढचं नाव. कलम ३५०-अ आधी मराठीत वाचायचं, मग कन्नडमध्येही. तिथे उभ्या असलेल्या पोलिसांना आणि अधिकाऱ्यांनाही कळू दे की आपण काय मागतोय.

आणि हे फक्त बेळगावच्या हुतात्मा चौकात किंवा खानापूरच्या स्टेशन रोडवरच व्हायला हवं असं नाही. आमच्या कणकुंबीतून, चोर्ल्याच्या रस्त्यानं गोव्याला कामाला जाणाऱ्या पोराला एका दिवसाची रजा परवडत नाही. भाषणाला नेता लागतो, मांडव लागतो, माईक लागतो. वाचनाला एक कागद आणि पाच माणसं पुरतात. देवळासमोर, शाळेच्या आवारात, बसस्टॉपवर, कुठेही.

तेव्हा या १७ जानेवारीला पाहुण्यांची यादी करण्याआधी नावांची यादी करा. प्रत्येक नाव घरच्यांकडून तपासून घ्या. खाली कलम ३५०-अ लिहा. आणि तो कागद गावातल्या सगळ्यात लहान, नीट मराठी वाचता येणाऱ्या पोरीच्या हातात द्या. असं वाचणारी पोर गावात सापडलीच नाही, तर मात्र भाषणं करत बसू नका. आधी शाळेचं बघा.