वरच्या क्रमांकाचा अर्थ

प्रोग्रॅमिंग भाषांच्या लोकप्रियतेची टिओबी क्रमवारी दर महिन्याला येते आणि कोणती भाषा शिकावी, कोणती सोडावी, यावर पुन्हा वाद रंगतात. भाषेच्या नावाला सर्च इंजिनांत किती पाने सापडतात, हा या क्रमवारीचा मुख्य आधार. त्यातून भाषेबद्दल किती लिहिले जाते ते कळते. तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम किती वर्षे तगला, कंपायलरने किती चुका आधीच पकडल्या, हे कळत नाही. पायथॉन १९९१ मध्ये आली. पुढची बरीच वर्षे ती छोट्या स्क्रिप्टांची सोयीची भाषा समजली जाई. ती पहिल्या क्रमांकावर पोचली ती व्याकरणातल्या एखाद्या शोधामुळे नव्हे. नमपाय, पांडाज, पायटॉर्च यांसारख्या लायब्रऱ्या तिच्याभोवती जमल्या आणि डेटा सायन्सचे काम तिच्याकडे वळले. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत केला. त्याच्या खोडी आपण अजून निस्तरतो आहोत, पण सगळ्या ब्राउझरांत चालणारी दुसरी भाषा नव्हती, तेव्हा निवडीचा प्रश्नच आला नाही. उलट एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेली अर्लांग याद्यांत कायम खालीच राहिली. २०१४ मध्ये फेसबुकने विकत घ्यायचे ठरवले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपचे सुमारे ४५ कोटी वापरकर्ते होते, आणि मोजक्या अभियंत्यांची तुकडी त्याचे सर्व्हर याच भाषेवर चालवत होती.

वापर सोडा, आवड तरी मोजा, असे कोणी म्हणेल. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत २०१६ पासून रस्ट सातत्याने सर्वांत आवडती ठरत आली आहे. पण आवडीचा हा कौल ती भाषा आधीच वापरणाऱ्यांचा असतो. रस्टकडे बहुतेक जण आपणहून जातात. जावा अनेकांच्या वाट्याला नोकरीबरोबर येते. हौशीने आलेल्यांचे आणि नेमणुकीवर आलेल्यांचे समाधान एकाच फूटपट्टीने मोजले, तर आकडा भाषेपेक्षा माणसांबद्दल अधिक बोलतो. (रस्ट चांगली भाषा आहे, याबद्दल आमचा वाद नाही.)

अधिक वजनदार आक्षेप प्रकल्प चालवणाऱ्यांचा आहे. लायब्रऱ्या, तयार उत्तरे आणि बाजारात मिळणारी माणसे हीसुद्धा भाषेची किंमतच नाही का? आहे, आणि निर्णय घेताना ती धरलीच पाहिजे. मात्र ती गर्दीची किंमत आहे, आणि गर्दी हलते. प्रणाली सहसा तिच्यापेक्षा जास्त जगते. कोबोल एकेकाळी व्यापारी संगणनाची सर्वाधिक प्रचलित भाषा होती; एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. म्हणून भाषा निवडण्याच्या टिपणात मनुष्यबळाचा रकाना वेगळा ठेवावा आणि त्यात आजच्या क्रमांकाऐवजी प्रणालीचे अपेक्षित आयुष्य लिहावे. दुसऱ्या रकान्यात त्या कामात कोणत्या चुका सर्वांत महाग पडतात आणि त्यांपैकी कोणत्या ही भाषा होऊच देत नाही, ते लिहावे. बहुतेक टिपणांत हा दुसरा रकाना नसतोच.