भिंत रंगली, वस्ती जोडली गेली का?

सोलापुरात कुणाला भेटायचे ठिकाण सांगायचे असेल तर ‘चार पुतळ्यांजवळ थांब’ असे सहज सांगितले जाते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे ते चार हुतात्मे. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. नुसती नावे वाचली तरी कळते की हे चौघे वेगवेगळ्या समाजांतून आले होते. शहराने त्यांना चार पेठांत चार ठिकाणी उभे केले नाही, एकाच चौकात उभे केले. सार्वजनिक कला शहराला जोडू शकते का, या प्रश्नाचे सोलापूरने दिलेले हे एक जुने उत्तर आहे.

पण आज हा प्रश्न नव्याने विचारायला हवा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. त्यानंतर स्वच्छ सर्वेक्षण आले, ‘माझी वसुंधरा’ अभियान आले आणि शहरोशहरीच्या भिंती रंगू लागल्या. झाडे, पक्षी, ओला कचरा-सुका कचरा, हात जोडलेली माणसे. चित्रे वाईट नसतात. पण ती ज्या भिंतीवर असतात, तिच्या मागे राहणाऱ्या माणसांना कुणी काही विचारलेले नसते. सर्वेक्षणाचे पथक येण्याआधी रंग लागतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात.

रंगाच्या मागे काय आहे?

मुंबईत घाटकोपरजवळची असल्फा वस्ती २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ या उपक्रमात रंगवली गेली. मेट्रोतून दिसणारी ती रंगीत टेकडी देशभर गाजली. वस्तीकडे नाक मुरडणारे लोक फोटो काढायला येऊ लागले, हे खरेच. पण तेव्हाच एक प्रश्नही विचारला गेला, आणि तो रास्त होता: बाहेरून रंग लावल्याने आतली शौचालये, गटारे, अरुंद जिने बदलतात का? रंग मेट्रोतून बघणाऱ्यासाठी आहे की घरात राहणाऱ्यासाठी?

सोलापूरला हा प्रश्न जास्तच लागू पडतो. इथे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येते, उजनी भरलेले असले तरीही. अशा शहरात ‘पाणी वाचवा’ हे चित्र पालिकेने वस्तीच्या भिंतीवर काढायचे आणि खाली बायांनी रिकाम्या घागरी घेऊन उभे राहायचे, याला आम्ही कला म्हणत नाही. ही उपदेशाची पाटी झाली.

बंध आणि पूल

समाजशास्त्रात एक साधा भेद केला जातो. काही गोष्टी गटाच्या आतले बंध घट्ट करतात, तर काही गोष्टी एका गटाला दुसऱ्या गटाशी जोडणारे पूल बांधतात. समाजाला दोन्ही लागतात. आपल्या वस्तीतली निळी कमान, विहारावरचे धम्मचक्र, चौकातला बाबासाहेबांचा पुतळा हे आपले बंध आहेत. शतकानुशतके ज्यांना सार्वजनिक जागेत सावलीसह नाकारले गेले, त्यांनी भर चौकात आपला उद्धारकर्ता उभा करणे ही सजावट नव्हे, तो हक्क आहे. म्हणूनच त्यावर घाव घातला जातो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहा जण गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. सार्वजनिक प्रतीक किती जिव्हारी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण मित्रहो, स्वतःला एक अवघड प्रश्नही विचारू या. आपली कमान जिथे संपते तिथे शेजाऱ्यांचा झेंडा सुरू होतो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकमेकांना खेटून राहतात. यंत्रमागावर, विडीच्या कारखान्यात शेजारी बसून काम करतात. तरी संध्याकाळी आपापल्या रंगाच्या हद्दीत परततात. प्रत्येक वस्तीकडे बंध भरपूर आहेत, पूल मात्र थोडे. ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी जो आदर्श समाज मांडला, त्यात माणसांच्या अनेक गटांमध्ये मोकळ्या देवाणघेवाणीच्या वाटा आहेत. ती वाट आपल्या भिंतीतून कशी काढायची?

आपल्याच परंपरेतले उत्तर

यासाठी फार लांब जायला नको. सांचीच्या स्तूपावर दानाचे शेकडो लेख कोरलेले आहेत. त्यांत भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, व्यापारी आहेत, एका विणकराचेही नाव आहे. दक्षिण तोरणावरचे काही कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तिथेच लिहिले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने भिक्खूंच्या चीवरासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. म्हणजे लेणे कोरून माणसे मोकळी झाली नाहीत. ते चालते राहावे याची व्यवस्था लावली गेली, आणि ती विणकरांच्या हाती सोपवली गेली. विणकरांच्या शहरात राहणाऱ्या आपल्याला हे ठाऊक असायला हवे.

आपल्या परंपरेत कला म्हणजे एका दात्याची देणगी नव्हती. अनेकांच्या छोट्या वाट्यातून ती उभी राहत होती.

जगातही हेच दिसते. १९६७ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलावंतांनी एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर आपल्या नायकांची चित्रे काढली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ म्हणजे सन्मानाची भिंत हे तिचे नाव. काही वर्षांत ती इमारत पाडली गेली, पण त्या भिंतीपासून अनेक शहरांतल्या वस्त्यांनी प्रेरणा घेतली. सॅन दिएगो शहरात मेक्सिकन वंशाच्या कामगारांची वस्ती पुलासाठी आणि महामार्गासाठी कापली गेली होती. उरलेल्या जागेत बाग हवी असताना तिथे पोलीस ठाणे बांधायला बुलडोझर आला. २२ एप्रिल १९७० रोजी रहिवाशांनी मानवी साखळी करून जागा ताब्यात घेतली आणि बाग मिळवली. पुलाच्या खांबांवरची चित्रे नंतर आली. आज त्या चिकानो पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. तिथे आधी लढा झाला, मग रंग लागला. हा क्रम महत्त्वाचा आहे.

एका भिंतीचा अनुभव

आम्ही काम करतो त्या भागात बौद्ध वस्ती आणि शेजारचा मोहल्ला यांच्यामध्ये एक लांब कंपाउंडची भिंत आहे. ती रंगवायची ठरली तेव्हा पहिल्या बैठकीत वाद झाला. आमच्या पोरांना बाबासाहेब हवे होते, पलीकडच्यांना त्यांचे कुणी हवे होते. शेवटी विडी वळणारी एक आजी म्हणाली, ‘आधी भिंतीच्या बुडाचा उकिरडा कोण काढणार ते सांगा.’ वाद तिथेच थांबला. दोन रविवार दोन्हीकडच्या पोरांनी मिळून कचरा काढला. चित्र काय काढायचे, ते कचरा काढतानाच ठरले. दोन्हीकडे सारखे असलेले दुःख एकच होते: पाणी.

भिंतीवर नळावरची रांग आली. घागरी, कळशा, प्लॅस्टिकचे ड्रम आले. वर चार लिप्यांत चार भाषांतले शब्द आले: पाणी, नीळ्ळु, नीरु, पानी. एका टोकाला चवदार तळे आले. मोहल्ल्यातल्या एका पोराने विचारले, ‘ये कौनसा तालाब है?’ तेव्हा आमच्या एका मुलीने त्याला २० मार्च १९२७ ची गोष्ट सांगितली. भाषण नव्हते, हातात ब्रश होता. महाडचा सत्याग्रह शेजाऱ्याला सांगण्याची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

यामुळे सगळे गोडीगुलाबीने राहू लागले, असे आम्ही सांगणार नाही. नंतर एकदा गाडी लावण्यावरून जुंपलीच. ओलीमुळे खालचा रंग सुटला. कुणाच्या तरी वाढदिवसाचे पोस्टरही चिकटले. पण ते पोस्टर काढायला दोन्हीकडची पोरे आली, आणि भांडण मिटवायला बसायचे कुठे हे कुणाला विचारावे लागले नाही. आमच्या लेखी भिंतीचे यश एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

आता आपण काय करायचे?

पहिली गोष्ट जयंतीची. सोलापूरची भीमजयंतीची मिरवणूक तिच्या देखाव्यांसाठी ओळखली जाते. गाडीवर उभारलेला देखावा हीसुद्धा सार्वजनिक कलाच आहे, आणि तिला आंबेडकरी जलशाचा वारसा आहे. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गाण्यातून, वगातून माणसे जागी केली. आज मात्र अनेक मंडळांच्या वर्गणीचा मोठा वाटा डीजेच्या भिंतींवर जातो. शहरात डीजेविरुद्ध नाराजी वाढते आहे, आणि ती सगळ्याच सणांबद्दल आहे. दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपण पाऊल उचलू या. डीजेच्या पैशातला निम्मा जरी देखावा करणाऱ्या कारागिराकडे आणि फ्लेक्समुळे बेकार झालेल्या पेंटरकडे गेला, तरी मिरवणूक बघायला शेजारच्या पेठेतली माणसे मुलाबाळांसह येतील.

दुसरी गोष्ट इतिहासाची. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्याला शंभर वर्षे झाली. आपल्या किती तरुणांना हे माहीत आहे? चार पुतळ्यांचा इतिहास हा आपलाही इतिहास आहे, तसा वसतिगृहाचा इतिहास साऱ्या शहराचा आहे. तो फक्त आपल्या वस्तीत नको, शाळेच्या आणि एसटी स्थानकाच्या भिंतीवर यायला हवा.

तिसरी गोष्ट नव्या वस्त्यांची. कुंभारीजवळच्या रे नगर प्रकल्पात एकूण ३०,००० घरांची योजना आहे. त्यांपैकी १५,००० घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया अशी अनेक समाजांची कष्टकरी माणसे तिथे एकत्र आली आहेत. तिथे जुन्या हद्दी अजून पडायच्या आहेत. त्या पडण्याआधी मोकळ्या भिंतींवर सगळ्यांनी मिळून काही काढले, तर एका नव्या गावाची सुरुवात वेगळी होईल.

पालिकेकडे आपली मागणी स्पष्ट असावी. भिंत रंगवण्याआधी वस्तीची बैठक घ्या, निम्म्या बाया असतील अशी. स्थानिक पेंटरला आणि कलाशिक्षण घेतलेल्या आपल्या मुलामुलींना मोबदला देऊन काम द्या. देखभालीचा पैसा आधीच बाजूला ठेवा. उषवदाताला जे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कळले, ते आजच्या अंदाजपत्रकाला कळायला हरकत नाही. आणि ज्या भिंतीवर पाण्याचे चित्र काढाल, तिच्या मागच्या नळाला आधी पाणी द्या.

येत्या जयंतीच्या तयारीची बैठक तुमच्या मंडळात होईल. तिथे वर्गणीचा हिशेब मांडताना एकच विषय वाढवा: आपल्या हद्दीवरची एक भिंत, आणि पलीकडच्यांना बैठकीचे निमंत्रण. निरोप घेऊन स्वतः जा, मोबाइलवर पाठवू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!