झपाटलेले घर कोणाचे?

झपाटलेल्या घराच्या चित्रपटांत विविध समाजगटांना कितपत स्थान मिळाले, हे ठरविताना समीक्षा बहुधा पात्रांची मोजदाद करते. ती अपुरी आहे. या चित्रप्रकारात आधी येतो तो मालकीचा प्रश्न: घर कोणाचे, आणि त्यातून बाहेर पडण्याची मुभा कोणाला?

स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (१९८०) हॉटेल अमेरिकेतील मूलनिवासींच्या दफनभूमीवर उभारल्याचा उल्लेख येतो, कथेत मात्र त्यांच्यापैकी कोणासही स्थान नाही. कृष्णवर्णीय आचारी डिक हॅलोरन संकट ओळखून बर्फातून धावून येतो आणि मारला जातो. स्टीफन किंग यांच्या मूळ कादंबरीत (१९७७) तो वाचतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. आपल्याकडील कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) वाड्याची पूर्वकथा नव्या मालकाला सांगतो तो माळी, आणि मालकाच्या प्रेमास पात्र ठरण्यासाठी माळ्याच्या मुलीला मृत स्त्रीच्या पिशाच्चाचे सोंग घ्यावे लागते. चित्रपटाला यात कथेची कलाटणी दिसते, वर्गभेद दिसत नाही.

रेमी वीक्स यांचा ‘हिज हाउस’ (२०२०) या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगा आहे. दक्षिण सुदानमधून आलेले बोल आणि रियाल हे दांपत्य इंग्लंडमध्ये आश्रय मागते. सरकारने दिलेल्या मोडकळीस आलेल्या घरातच राहण्याचे बंधन, काम करण्यास मनाई. भूत दिसल्यावरही ही माणसे घर सोडून का जात नाहीत, हा भयपटाच्या प्रेक्षकाचा जुना प्रश्न येथे कायद्यानेच निकालात निघतो. रियाल रस्ता चुकते तेव्हा तिची टवाळी करून तिला आफ्रिकेत परत जाण्यास सांगणारी मुलेही कृष्णवर्णीयच आहेत. त्वचेच्या रंगावरून प्रतिनिधित्व मोजणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

तथापि चित्रपटाचे खरे धाडस निराळे आहे. घरातील पिशाच्च इंग्लंडचे नाही. ते या दांपत्याच्या मागोमाग आले आहे. कत्तलीतून निसटण्यासाठी बसमध्ये जागा मिळावी म्हणून बोल याने दुसऱ्या स्त्रीची मुलगी आपली म्हणून उचलली होती. ती पुढे समुद्रात बुडाली. निर्वासिताला केवळ निष्पाप बळी मानणे सहानुभूतीला सोयीचे असते. वीक्स त्याला अपराध देतात आणि त्याबरोबर स्वतःचा भूतकाळही. हॅलोरनला तो नव्हता. माळ्याच्या मुलीला तर दुसरीचा उसना घ्यावा लागला होता. अखेरीस बोल आणि रियाल त्याच घराच्या भिंती दुरुस्त करतात आणि मृतांनाही तेथे राहू देतात.