पाठ टेकली का हो?

कुस्तीवर मत नसलेला माणूस सोलापुरात शोधून सापडायचा नाही. क्रिकेटवर मत द्यायचं तर निदान स्कोअर पाहावा लागतो, राजकारणावर द्यायचं तर निदान पेपर चाळावा लागतो. कुस्तीवर मत द्यायला एक शब्द पुरतो. "नुरा!" नुरा म्हणजे आधीच ठरवून घेतलेली, मिलीभगतीची कुस्ती. आमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा एकाच रिक्षात दाटीवाटीनं बसतात आणि उतरल्यावर भाड्यावरून चौघी निरनिराळ्या भांडतात. पण 'नुरा' या शब्दावर चौघींचं एकमत आहे. राष्ट्रीय एकात्मतेचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि याहून घातक उदाहरणही नाही. हा लेख या 'नुरा'वाल्यांविरुद्धची फिर्याद आहे.

हे नुरावाले दोन प्रकारचे. पहिला प्रकार टीव्हीवरची फ्रीस्टाईल पाहून म्हणतो, "सगळं खोटं असतंय बे हे." दुसरा प्रकार जत्रेतली किंवा महाराष्ट्र केसरीची कुस्ती पाहून म्हणतो, "सगळं ठरलेलं असतंय बे हे." बहुतेक वेळा हे दोन्ही गृहस्थ एकाच पायजम्यात असतात.

आमचे मेहुणे या जातीचे आहेत. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लोगल्ली गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या, आणि त्या वायरींतून डब्ल्यूडब्ल्यूएफ नावाचा प्रकार आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन पडला. (२००२ साली त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं, पण आमच्या पिढीच्या जिभेवर अजून 'एफ'च आहे.) मेहुणे रोज संध्याकाळी समोर बसायचे. पहिल्या कुस्तीला म्हणायचे, "खोटं." दुसरीला म्हणायचे, "शुद्ध खोटं." बरं, खोटं म्हणून उठून जावं, तर तेही नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तिथेच मागवून घेत. भाचा बिचारा ट्रम्प कार्डं मांडून बसलेला. अंडरटेकरचं वजन, उंची, दंडाचा घेर, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या, सगळं तोंडपाठ. सतराचा पाढा मात्र सतरा चोक अडुसष्टच्या पुढे कधी गेला नाही.

आता मेहुण्यांचा आक्षेप नीट तपासू. फ्रीस्टाईल ठरवलेली असते, हे त्यांनी लावलेलं संशोधन आहे, अशी त्यांची समजूत. पण ही गोष्ट त्या कंपनीनं स्वतःच सांगून टाकली आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे या मंडळींनी कबूल केलं की आमचा हा खेळ म्हणजे स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. कबुलीजबाब सत्यप्रीतीतून आला असं समजू नका. स्पर्धा म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि तिचा खर्च आला. पैसे वाचवण्यासाठी माणूस खरं बोलला, अशी ही इतिहासातली दुर्मीळ घटना. पण बोलला ना? मग गुन्हेगारानं कबुली दिल्यावर वकिलानं वर्षानुवर्षं उलटतपासणी कशाला चालू ठेवायची?

माझं म्हणणं एवढंच, की जे नाटक आहे त्याचं परीक्षण नाटकासारखं करा. बालगंधर्वांच्या नाटकाला जाऊन "अहो, ही बाई नव्हे, पुरुष आहे!" असं ओरडून कुणी स्वतःला हुशार म्हणवून घेतलं नाही. लोकांनी शालू पाहिला, गळा ऐकला आणि डोळे पुसले.

नाटक म्हणून पाहा, म्हणजे २९ मार्च १९८७ ची ती प्रसिद्ध कुस्ती कशी आहे हे कळतं. एका बाजूला हल्क होगन, दुसऱ्या बाजूला पाचशे वीस पौंडांचा म्हणून जाहीर केलेला आंद्रे. होगननं त्याला उचलून आपटला, एवढंच कथानक. यातलं मर्म असं, की एवढा डोंगर दुसऱ्याला उचलू द्यायला स्वतः तयार झाला म्हणूनच उचलला गेला. म्हणजे त्या कुस्तीतला खरा नट हरणारा होता. प्रेक्षकांचा जाहीर आकडा ९३,१७३. त्या आकड्यावरही पुढे वाद झाले, म्हणजे मैदानातली कुस्ती नसली तरी आकड्याची कुस्ती अस्सल म्हणायला हरकत नाही. त्याच दिवशी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची जी कुस्ती झाली ती आधी डावामागून डाव बसवून, पाठ करून केलेली होती. तालीम या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, आखाड्याची आणि नाटकाची. त्या दोघांनी दोन्ही अर्थ एकाच दिवशी वापरले.

आणि 'खोटं' म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. २८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर फेकलं. निकाल ठरलेला असेल. पण गुरुत्वाकर्षणाला कुणी आधी सांगून ठेवलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, २३ मे १९९९ ला, कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट नावाचा पैलवान दोरावरून उतरण्याच्या कसरतीत वरून कोसळला आणि मेला. करमणुकीसाठी. तेव्हा 'खोटं' हा शब्द वापरताना जीभ जरा सांभाळावी. नाटक खोटं असतं, पडणं खोटं नसतं.

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांनी एके काळी मुंबई वेडी केली होती. १९६८ साली मुंबईतच दारासिंगनं लू थेझला हरवलं. त्या कुस्त्यांत काय ठरलं होतं आणि काय नव्हतं यावर आमच्या वडिलांच्या पिढीनं पुष्कळ चहा संपवला. पण १९८७ साली हाच माणूस 'रामायणा'त हनुमान होऊन आला तेव्हा साऱ्या घरानं हात जोडले. शेपूट खोटी आहे, असं मेहुणे तेव्हा म्हणाले नाहीत.

इथवर फ्रीस्टाईलची वकिली झाली. आता खरी फिर्याद.

जे नाटक म्हणून जाहीर झालंय त्याला खोटं म्हणणं हा नुसता पोरकटपणा. पण जी कुस्ती स्पर्धा म्हणून लढली जाते, तिला उठल्यासुटल्या नुरा म्हणणं हा अन्याय आहे. लाल मातीत ताक, तेल, हळद कालवून, पहाटे चारला उठून हजार जोर-बैठका काढणारा पोरगा, त्याच्या खुराकासाठी म्हैस विकणारा बाप, आणि रेवड्यांवरच्या कुस्तीपासून त्याला खांद्यावर मिरवणारा वस्ताद, या तिघांच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशोब आपण चहाच्या एका कटिंगमध्ये बुडवतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. नुरा कुस्तीसाठी कुणी घर गहाण ठेवत नाही.

"मग हे वाद का होतात?" मेहुणे विचारतात. प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम कुस्ती झाली. एकीकडे मोहोळचा सिकंदर शेख, दुसरीकडे मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. दोघेही आमच्याच जिल्ह्याचे, त्यामुळे घराघरांत फाळणी झाली. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, आणि आठवडाभर सोलापुरात दुसरा विषय नव्हता. जो तो मोबाईलवर तो डाव हळू करून पाहतोय. "चार कशाचे बे? दोनच!" पण चार कधी आणि दोन कधी, हे विचारलं की सगळे चहा मागवतात. नियम असा: समोरच्याला नुसतं खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन. उचलून थेट धोक्याच्या अवस्थेत टाकला, म्हणजे त्याची पाठ जमिनीकडे नव्वद अंशांच्या आत झुकली, तर चार. सगळा वाद त्या एका कोनाचा होता. शाळेतला कंपासपेटीतला कोनमापक ज्यांनी दहावीनंतर पाहिला नाही, ते तो कोन पुण्याहून अडीचशे किलोमीटरवर बसून मोजत होते.

मग फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पाठ टेकली की नाही टेकली यावरून भडका उडाला, आणि राक्षेनं पंचांना लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत काही सेकंद उरले असताना महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथेचं समर्थन मी करणार नाही. पंचाला लाथ मारणारा पैलवान आणि परीक्षकाला मारणारा विद्यार्थी, दोघांनाही घरी बसवलंच पाहिजे. पण एक सांगा, मैदानात बसलेल्या हजारो माणसांना त्या क्षणी कुणी नीट समजावून सांगितलं होतं का, की पाठ टेकली ती कशी?

माझं भांडण इथे आहे. आपल्या मैदानांवर भोंगा असतो. त्यावरून देणगीदारांची नावं येतात, पाहुण्यांचे सत्कार येतात, कुणाची मोटारसायकल आडवी लावलीय तेही येतं. येत नाही ते फक्त गुणाचं कारण. "लाल पैलवान, बाहेरची टांग, पाठ धोक्यात, चार गुण" एवढं मराठीत सांगायला किती वेळ लागतो? मोठ्या पडद्यावर पुढाऱ्याचा फोटो दिसतो, त्याच पडद्यावर तोच डाव पुन्हा दाखवायला कुणाची हरकत आहे? जागतिक नियमांत फेरतपासणी मागायची सोय आहे. ती आपल्याकडे प्रत्येक मोठ्या कुस्तीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, झाली पाहिजे. फ्रीस्टाईलवाल्यांनी खोटी कुस्ती दाखवायला दहा कॅमेरे लावले. खऱ्या कुस्तीला निदान दोन लावा. अंधारात दिलेला बरोबर निकालसुद्धा लोकांना नुराच वाटतो, आणि त्याचं पाप लोकांच्या माथी मारून चालणार नाही.

पण प्रेक्षकांनीही आपला वाटा उचलावा. ढाक, कलाजंग, एकेरी पट, घिस्सा यांतले चार डाव ओळखायला शिका. गुणांचे नियम पोस्टकार्डावर मावतात. शंका जरूर घ्या. पण डावाचं नाव सांगून घ्या, गुण मोजून घ्या, कोन दाखवून घ्या. तसं कुणी म्हणालं की मी चहा माझ्याकडून मागवीन. आणि हे काहीच न करता जो नुसता "नुरा" म्हणेल, त्याला मी एकच विचारीन: साहेब, तुमची पाठ कधी मातीला लागलीय का? की अजून खुर्चीलाच टेकलेली आहे?