दोन कामांची एक नळी

डहाणू-तलासरीकडे कुणी नेमबाजीसाठी रायफल बांधून घ्यायचं मनावर घेतलं, तर पहिला प्रश्न नळीचा येतो आणि पहिली चूकही तिथंच होते. पैसे एकदाच घालायचे आहेत, तर निशाण्यालाही चालेल आणि प्रसंगी शिकारीलाही, अशी नळी का घेऊ नये, असा हिशेब मांडला जातो. हिशेब काटकसरीचा दिसतो, पण तो फसवा आहे. शिकाऱ्याची नळी दिवसभर खांद्यावर वाहायची असते, म्हणून ती हलकी आणि बारीक हवी. तिची परीक्षा एकाच गोळीवर होते, आणि तीही थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीवर. तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत नळी तापून नेम थोडा सरकला, तरी शिकाऱ्याचं काही बिघडत नाही. निशाण्यावरच्या नळीचं काम याच्या उलट. ५० मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून वीस-वीस, अशा साठ गोळ्या झाडायच्या असतात. साठावी गोळी पहिलीच्याच वाटेनं गेली पाहिजे. रायफल आठ किलोपर्यंत चालते, त्यामुळे वजनाची तक्रार नाही. उलट वजन हवंच असतं. एक वस्तू हलकी करायची आणि दुसरी जड, मग दोन्हींच्या मधली नळी कुणाच्या उपयोगाची?

शिवाय आपल्याकडे या जोडीतलं शिकारीचं टोक कायद्यानं कधीच कापून टाकलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेच्या शिकारीची वाट अरुंद केली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंदच केली. योगायोग असा की ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या रायफलची स्पर्धा ऑलिम्पिकमध्ये शेवटची झाली तीही १९७२ मध्येच, म्युनिकला. तेव्हापासून ऑलिम्पिकमध्ये काडतुसाची रायफल म्हणजे फक्त पॉइंट २२. यावर शेतकऱ्याचा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: रानडुकरं भात तुडवतात, त्याचं काय? रानडुक्कर आणि नीलगाय यांच्या बाबतीत राज्य सरकारनं २०१५ मध्ये वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची सोय केली आहे. पण त्या परवानगीला नेमबाजाची खास नळी लागत नाही. परवानाधारकाकडे बारा बोअर असते किंवा आयुध कारखान्याची पॉइंट ३१५ रायफल, आणि रानातल्या अंतराला तिचा नेम पुरतो. पॉइंट २२ ची अडीच ग्रॅमची शिशाची गोळी डुकराला फक्त जखमी करील, आणि जखमी डुक्कर गावाला अधिक महागात पडेल. म्हणजे दोन कामांसाठी एक नळी हा बेत काडतुसाच्या मापावरच अडतो. नळीच्या गुणांचा विचार करायची वेळच येत नाही.

तेव्हा शिकार बाजूला ठेवून निशाण्याची नळी निवडू. नळीच्या आत कातलेले आटे गोळीला पीळ देतात, आणि किती लांबीत एक पूर्ण फेरा होतो, ते पिळाचं माप. इंग्लंडमध्ये वूलिचला शिकवणारे गणिती आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये त्याचा साधा ठोकताळा दिला: गोळीची लांबी तिच्या जाडीच्या जितकी पट, त्या आकड्यानं १५० ला भागा; जो भागाकार येईल, तितक्या जाडींच्या लांबीत एक फेरा पुरा व्हावा. पॉइंट २२ ची गोळी सुमारे ५.७ मिलिमीटर जाड आणि जाडीच्या दुपटीहून किंचित लांब. हिशेब करून पाहा, उत्तर चारशे-सव्वाचारशे मिलिमीटर, म्हणजे साधारण सोळा इंच येतं. जगभरच्या बहुतेक पॉइंट २२ नळ्यांना सोळा इंचांत एक फेरा असतो, तो त्यामुळे. या पिळातून सेकंदाला सव्वातीनशे मीटर वेगानं निघालेली गोळी सेकंदाला आठशे फेरे घेत जाते. पीळ कडक केला की नेम सुधारतो, हा समज लांब, जड गोळ्यांच्या बाबतीत खरा. इथं तो लागू नाही. आखूड गोळीला गरजेपेक्षा जास्त फिरवलं, तर तिच्या घडणीतला बारीकसा दोषसुद्धा निशाण्यावर मोठा होऊन उमटतो. म्हणून पिळाच्या बाबतीत नावीन्याचा हट्ट धरू नये. सोळा इंच घ्यावा आणि पुढं जावं.

खरा विचार करायचा तो जाडीचा आणि पोलादाचा. नळीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, वजन मात्र दुसऱ्या घातानं. अठरा मिलिमीटरऐवजी बावीस मिलिमीटरची नळी घेतली, तर वजन जवळजवळ दीडपट होतं आणि ताठपणा दुपटीच्या वर जातो. इतका फायदेशीर सौदा रायफलीच्या दुसऱ्या कुठल्याच भागात मिळत नाही. लांबीचं उलटं आहे. पॉइंट २२ च्या दारूचा जोर पंधरा-वीस इंचांतच सरतो. त्यापुढची नळी गोळीला वेग देत नाही, फक्त पुढची माशी डोळ्यापासून लांब नेते. तेवढ्यासाठी पुढं पोकळ नळकांडं बसवता येतं, आणि मोठे नेमबाज तेच करतात. पोलाद मात्र आपल्या हवेला पाहून घ्यावं. डहाणूत दारात समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने तलासरीतही कपाटातल्या लोखंडाला घाम फुटतो. साध्या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची नळी नेमाला कमी नसते, पण सराव संपल्यावर तेलाचा हात फिरवायचा एक दिवस राहिला की आतल्या आट्यांवर गंजाची बुंदी उठते, आणि ती घासून जात नाही. स्टेनलेसही गंजतं, पण उशिरा, आणि शाळेच्या किंवा मंडळाच्या कपाटात तो उशीरच कामी येतो. त्याच हवेत लाकडी दस्ता फुगतो. म्हणून नळी दस्त्याला कुठंही न टेकता मोकळी बसवलेली असावी.

यावर जाणकार म्हणतील, एवढ्यानं भागत नाही, नामांकित कारखान्याची, हातानं घोटलेली नळी हवी. चांगली नळी चांगलीच, पण ती किती चांगली असावी, याचं उत्तर निशाण्यावरच छापलेलं आहे. ५० मीटरच्या निशाण्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद असतं आणि गोळीचं छिद्र त्याला नुसतं टेकलं तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत ढळला तरी चालतो. शिकंज्यात पक्की केलेली रायफल सगळ्या गोळ्या सोळा मिलिमीटरच्या आत घालत असेल, तर शिकाऊ खेळाडूचा एकही दहा नळीमुळे जाणार नाही. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, तिथं एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर, आणि तिथं नळीची घडण बोलू लागते, हे मान्य. पण त्या पायरीवरही निम्मा कौल काडतुसाचा असतो. एकाच कंपनीची, एकाच पेटीच्या किमतीची दोन वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं एकाच नळीतून दुप्पट फरकानं पसरू शकतात. म्हणून अव्वल खेळाडू आपली रायफल घेऊन एले, लापुआ, आरडब्ल्यूएस यांच्या चाचणी केंद्रांवर जातात आणि नळीला मानवणारा घाणा शोधून त्याच्याच पेट्या उचलतात. नळीवर ओतायचे जादा पैसे चाचणीवर आणि सरावाच्या काडतुसांवर गेले, तर गुण जास्त वाढतील. कायद्याचीही एक बाजू ध्यानात ठेवावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि नळी कापून आखूड करायला वेगळा परवाना लागतो. आधी घेऊ, मग कापून-बदलून पाहू, अशी मुभा इथं नाही, म्हणून निवड पहिल्याच वेळी नेमकी व्हायला हवी.

एक आक्षेप याहून वजनदार आहे. नळी, पोलाद, पीळ हे शहरातल्या पैसेवाल्यांचे प्रश्न. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळेतल्या पोरांचा याच्याशी काय संबंध? त्याला जोडून कौतुकानं असंही म्हटलं जातं की वारल्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा, नेम त्यांच्या रक्तातच आहे. हे कौतुक मला घातक वाटतं. नेम रक्तात नसतो. तो रोजच्या सरावानं, श्वासावरच्या ताब्यानं आणि चाप दाबणाऱ्या बोटानं घडतो. रक्तात आहे म्हटलं की साहित्य, प्रशिक्षक आणि मैदान द्यायची जबाबदारी संपते. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन आला. त्याच जिल्ह्याची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. गावच्या मुलाला योग्य वयात योग्य रायफल हातात मिळाली, तर काय होतं, ते यात दिसतं.

सुरुवात एअर रायफलनं व्हावी, याबद्दल दुमत नाही. १० मीटरला एक लांबट खोली पुरते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला जगज्जेतेपद मिळवलं, तेही याच प्रकारात. पण मुलाला तिथंच थांबवायचं नसेल, तर तालुक्यात निदान एक पॉइंट २२ रायफल हवी, आणि नळीची निवड तिथं पुन्हा येते. कारण ती रायफल एका मुलाची नसेल, एकामागून एक अनेक हातांतून जाईल. मोठ्या बोअरची नळी चार-पाच हजार गोळ्यांत घसा झिजून उतरणीला लागते. पॉइंट २२ ची मऊ शिशाची गोळी आणि कमी दाब यांमुळे ही नळी हजारोंच्या कितीतरी पटींत टिकते. बावीस मिलिमीटर जाड, स्टेनलेस, सोळा इंचांच्या पिळाची एक साधी, चांगली नळी पंधरा-वीस वर्षं मुलं घडवू शकते. आज तलासरीच्या मुलाला ५० मीटरच्या मोठ्या मैदानावर सराव करायचा, तर मुंबई गाठायची किंवा घाट चढून बालेवाडीला जायचं. पन्नास मीटर सपाट जागा, मागं मातीचा भक्कम बांध, वर पत्रा आणि कुलुपाचं कपाट एवढं डहाणू किंवा तलासरीत कुठं उभं करायचं, हे आधी ठरवावं. नळीची मागणी त्यानंतर नोंदवावी.