मोडलेली झोप आणि आठवणारी स्वप्नं

वस्तीत आरोग्याच्या बैठकीला बसलो की कोणीतरी ताई हळूच विचारतेच, "सिस्टर, रोज भलतीसलती स्वप्नं पडतात, कोणी काही केलं असेल का?" आम्ही उलट विचारतो, "रात्री कितीदा उठता?"

पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला गाडी आली की अपरात्रीही ऊस भरावा लागतो. घरी असलेल्यांना तान्हं बाळ, आजारी सासू, रात्रीचं पाणी. झोप सलग मिळतच नाही.

1953 साली शिकागो विद्यापीठातल्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत काही वेळ मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. ठळक स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. साधारण दर दीड तासाने ही वेळ येते आणि पहाटेकडे लांबते. नेमकी तेव्हा जाग आली की स्वप्न आठवतं, नाहीतर विसरतं. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात. झोप मोडणाऱ्यांना ती जास्त आठवतात. त्या वेळी हातपाय सैल असतात, म्हणून कधी जाग येऊनही क्षणभर हलता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. ते भूत नव्हे. भगताला एक पैसा देऊ नका.

आता काही तरुण मुद्दाम पहाटे गजर लावतात, अर्धा तास जागून पुन्हा झोपतात. 'हे स्वप्न आहे' हे स्वप्नातच कळावं म्हणून. असं खरंच घडतं. पण सकाळी मजुरीला जाणाऱ्याने हा खेळ करू नये. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. फिट येणाऱ्यांनी तर जागरण टाळावंच.

मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटून काम केलं. उसाच्या फडात ते तास अजून पोचलेले नाहीत. विश्रांतीची मागणी मुकादमापुढे, कारखान्यापुढे मांडलीच पाहिजे. आणि घरात? बाळ रडलं तर एका रात्री बापानेही उठावं.

भीतीची स्वप्नं वरचेवर पडत असतील तर डॉक्टरांना भेटा, किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. स्वप्नाचा अर्थ शोधण्याआधी आपली झोप कोण मोडतंय ते शोधू या.

जयभीम.